दोनास एक

रबाळे एमआयडीसीत पत्र्याच्या शेडमागे आमची खोली.
दारावर पाटी नाही. पंख्याला काजळी.
फेरिक दोन भाग, फेरस एक,
श्वास रोखून मोजते,
कारण माझ्या उच्छ्वासानेही काट्यावरचा चौथा आकडा हलतो.

पाणी आधी उकळून त्यातली हवा हाकलायची,
वरून नायट्रोजनचे बुडबुडे. ऐंशी अंश.
मग अमोनिया. थेंब. थेंब.
"फोडणी देतेस का? हळू," तेंडोलकर सर ओरडतात.
डोळे चुरचुरतात, बाहेरून बघणाऱ्याला वाटावं रडते आहे.
आणि एका थेंबाला, कोणत्या ते सहा वर्षांत मला कळलेलं नाही,
केशरी द्रावण काळं होतं.
सावकाश नाही. पापणी लवायच्या आत.

एवढ्यासाठी मी बिनपगारीही आले असते.
सरांना सांगू नका.

गेल्या मंगळवारी सिलिंडर मध्येच संपला,
मी डबा खात होते.
हवा शिरली. काळं होतं ते विटकरी झालं.
"गंज झाला," सर म्हणाले. "ड्रममध्ये ओत."
ओतलं. पण कुपीभर मागे ठेवलं,
आणि सोमवारच्या चांगल्या बॅचची एक कुपी,
ओलिक आम्लाचा मुलामा दिलेली, रॉकेलात तरंगणारी.
दोन्ही घणसोलीला घरी नेल्या.

बाबांनी एकतीस वर्षं गंज खरवडला.
भाताची जमीन गेली, तिच्या बदल्यात
बेलापूर रोडवरच्या कारखान्यात काम:
वायरब्रश, पाइप, रेड ऑक्साइड, पुन्हा वायरब्रश.
त्यांचा रुमाल आईने कधी
पांढऱ्या कपड्यांत भिजवला नाही.

विटकरी कुपी उजेडाला धरून म्हणाले,
"यो त गंजच हाय गो. याचा पगार देतान तुला?"

मी काळी कुपी पुढे केली,
आणि भावाच्या बेंजो पार्टीतल्या फुटक्या स्पीकरचा चुंबक.
काळं तेल उठलं, काटे काटे, साळिंदरासारखं.
चुंबक फिरवला तसं फिरलं.
चुंबक दूर नेला, सपाट.
"इसरलं?"
म्हटलं, हो. खिळा चुंबकावर घासला तर खिळा लक्षात ठेवतो.
हे दहा नॅनोमीटरचं लोखंड.
इतकं बारीक केलं की आठवण टिकायला जागा उरत नाही.

बाबा बराच वेळ कुपी हलवत बसले.
मग गेटवरच्या सभेचं काढलं.
पुढारी जीपच्या टपावर चढला की
नऊशे माणसं एकाच दिशेला तोंड करून.
तो उतरला, आत जाऊन सही करून आला.
"आनी आमी? कोन रिक्षावर, कोन वाचमन,
कोन जालं घेऊन परत खारीन.
आमी काय इतकं बारीक व्हतो का गो?"

मला उत्तर आलं नाही.
मी माहितीपत्रकातलं सांगत सुटले:
रक्तात सोडतात, गाठीपाशी पोचवतात,
बाहेरून क्षेत्र उलटसुलट केलं की ते तापतात,
त्रेचाळीस अंशांना गाठ मरू लागते.
विसरतात म्हणून तर डॉक्टरांचा भरवसा.
लक्षात ठेवलं असतं तर एकमेकांना चिकटून बसले असते,
शिरेत गुठळी झाली असती.

"मंग गुठलीच व्हयाला पायजे व्हती आमची,"
बाबा म्हणाले, आणि चहा मागितला.

चहा करून आले तर
चुंबक त्यांनी विटकरी कुपीला लावून ठेवलेला.
मी म्हणणार होते, बाबा, ती वाया गेलेली.
काचेच्या आत, चुंबकाच्या बाजूला,
एक तांबूस रेघ चढत होती.
हळू. काळ्यापेक्षा खूप हळू.

सकाळी रजिस्टरमध्ये लिहिलं: बॅच एक्केचाळीस, नापास.
खाली पेन्सिलीने: तरी येते.
सरांनी अजून पान उलटलेलं नाही.